काही खाल्लं नाही, नुसता चहा

(वळ, ता. भिवंडी येथे उन्हाळ्यातल्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं शब्दांकन)

ग्रामस्थ मंडळी, माझ्या बहिणींनो, आणि गोदामातली पाळी संपवून घरी न जाता थेट इथे आलेल्या मुलांनो,

मुंबई-ठाण्याच्या कुठल्याही वाण्याच्या दुकानाबाहेर वेफरच्या पाकिटांची माळ लटकलेली असते. आत बिस्किटांचे पुडे असतात, काचेच्या फ्रिजमध्ये थंड बाटल्या असतात. यातला किती माल आधी तुमच्या पट्ट्यातून गेलेला असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडे, गुंदवली, जिथे एके काळी भाताची खाचरं होती तिथे आज पत्र्याच्या छपरांची रांग आहे. कापड, औषधं, मोबाइल यांच्या शेजारीच खाऊची खोकी थप्पीला लागलेली असतात. ती तुम्ही उतरवता, मोजता, टेम्पोत चढवता. खोक्यावर काय लिहिलंय ते तुम्हाला तोंडपाठ असतं: नग किती, वजन किती, कुठल्या तारखेचा माल. आतल्या पाकिटाच्या पाठीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आणखी एक आकडा असतो. आज मी त्या आकड्याबद्दल बोलणार आहे.

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते, दिवसभरात काय काय खाता? उत्तर ठरलेलं असतं. सकाळी भाकरी-भाजी, दुपारी डबा, रात्री भात आणि कालवण, रविवारी मटण नाहीतर मच्छी. मधे काही? मधे काही नाही हो, नुसता चहा. हे सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. जेवण म्हणजे ताट, आणि ताटाबाहेर जे जातं ते खाणं नव्हेच, अशी आपल्या सगळ्यांची पक्की समजूत आहे. उभ्या उभ्या तोंडात टाकलेलं, गप्पा मारता मारता संपलेलं, तहान लागली म्हणून प्यायलेलं, यातलं काहीही आपल्या हिशेबात येत नाही. शरीर मात्र सगळं मोजतं. छुप्या कॅलरी म्हणतात त्या कोणी लपवून ठेवलेल्या असतात असं नाही. आपण त्यांना खाण्यातच धरत नाही, म्हणून त्या दिसत नाहीत.

तर हा नुसता चहा आज नीट मोजू या.

नाक्यावरच्या टपरीवर उभे राहा आणि चहावाल्याचा हात बघा. पातेल्यात पाणी आणि दूध जवळजवळ निम्मं निम्मं, आणि साखरेचा डबा उघडला की माप नाही, सरळ वाटी. माणशी हिशेब काढला तर पूर्ण कपाला दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर सहज पडते. साखरेच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणजे ४० झाल्या. पन्नास मिली दूध म्हशीचं असेल तर आणखी पन्नासेक. म्हशीच्या शंभर ग्रॅम दुधाला सुमारे १०७ कॅलरी असतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेली भारतीय खाद्यपदार्थांची कोष्टकं सांगतात. म्हणजे एक कप चहा नव्वदच्या घरात गेला. दिवसाला पाच कप धरा: सकाळी उठल्यावर एक, कामावर पोचल्यावर एक, दुपारचा, चारचा आणि सुट्टी झाल्यावरचा. साडेचारशे कॅलरी झाल्या. त्यातल्या तीन चहांबरोबर चार-चार ग्लुकोज बिस्किटं घेतली, आणि ती घेतली जातातच, तर साठ ग्रॅम बिस्किटांच्या आणखी २७०. एकूण ७२०.

७२० म्हणजे किती, ते आपल्या भाषेत सांगते. मध्यम आकाराच्या तांदळाच्या भाकरीला साधारण पासष्ट ग्रॅम पीठ लागतं. त्यात २३० कॅलरी. म्हणजे तीन भाकऱ्या, वर थोडं शिल्लक. दुपारच्या डब्यात कोणी तीन भाकऱ्या जास्त टाकल्या तर तुम्ही म्हणाल, वेडी झालीस का, एवढं कोण खाणार? त्या तीन भाकऱ्या आपण रोज पितो आणि वर सांगतो, काही खाल्लं नाही.

मघाशी कोणीतरी म्हणालं, आमचा तर कटिंग असतो. बरोबर आहे, कटिंगला निम्म्या धरा. पण मग दिवसाला किती कटिंग होतात, तेही खरं सांगा.

साखरेचा हिशेब वेगळा मांडते, कारण तो जास्त बोलका आहे. पाच कपांत पन्नास ग्रॅम. ग्लुकोज बिस्किटांच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा साखर असते, म्हणजे साठ ग्रॅममधून पंधरा. एकूण पासष्ट ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की दिवसाच्या ऊर्जेतला दहा टक्क्यांपेक्षा कमी हिस्सा अशा साखरेतून यावा, पाच टक्क्यांच्या आत राहिला तर आणखी चांगलं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला याचा अर्थ पन्नास ग्रॅम, आणि चांगल्यात चांगलं म्हणजे पंचवीस. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही वीस-पंचवीस ग्रॅमचाच आकडा आहे. आपले पासष्ट तर मिठाई न खाताच झाले.

आता कॅलरी म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगते. ते अन्नातल्या ऊर्जेचं माप आहे. पाकिटावर त्याला किलोकॅलरी म्हणतात, बोलताना आपण नुसतं कॅलरी म्हणतो. गोष्ट एकच. पिठूळ पदार्थ, साखर आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅमला ४, तेला-तुपाच्या एका ग्रॅमला ९. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे आकडे बसवले, ते आजही चालतात. आपल्याकडे पोषणाच्या संशोधनाचं काम १९१८ साली दक्षिणेत कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीत सुरू केलं. बेरीबेरी का होतो, हा तेव्हाचा प्रश्न होता. त्याच कामातून उभी राहिलेली संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली, आणि १९७१ साली डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय पदार्थांच्या पोषणमूल्यांचं पुस्तक काढलं. तेव्हा देशाची चिंता होती ती कॅलरी कमी पडतात ही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण कॅलरी हा काही शत्रू नाही. उपाशी माणसाला विचारा तिची किंमत.

आणि इथे वळचा म्हणून एक खास प्रश्न आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. कोणाला किती कॅलरी लागतात, याचे आकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि पोषण संस्था यांनी २०२० मध्ये नव्याने दिले. पासष्ट किलोच्या पुरुषाचं काम बसून असेल तर २,११० कॅलरी. मध्यम कष्टाचं असेल तर २,७१०. अंगमेहनतीचं असेल तर ३,४७०. पंचावन्न किलोच्या बाईला याच क्रमाने १,६६०, २,१३० आणि २,७२०. म्हणजे बसून काम करणाऱ्या पुरुषात आणि हमालात १,३६० कॅलरींचा फरक आहे. हा फरक एका माणसाच्या दोन वेळच्या जेवणाएवढा आहे.

आता तुमच्या नाक्यावरचा वडापावचा ठेला डोळ्यांसमोर आणा. ठेल्याच्या एका बाजूला सकाळपासून कंटेनर खाली करणारा हमाल उभा आहे. दुसऱ्या बाजूला ज्याच्या आजोबांनी याच जमिनीत गुडघाभर चिखलात भात लावला, त्या घरातला मुलगा मोटरसायकलवर बसला आहे. गाळ्यांचं भाडं येतं, काम म्हणजे फोन आणि फेरफटका. दोघांच्या हातात तोच वडापाव, साधारण तीनशे कॅलरींचा. हमालाचा वडापाव पुढच्या दोन तासांत खोक्यांखाली जळून जाईल. त्या मुलाचा पोटावर बसेल. या दोघांना एकच सल्ला देणारा आहारतज्ज्ञ चुकतो, असं माझं मत आहे. भात लावणाऱ्या आजोबांना परातभर भात पचत होता, कारण त्यांचं अंग तेवढं राबत होतं. जमिनीचा वापर एका पिढीत बदलला, पण ताटातली वाढणी तीच राहिली, आणि त्यावर चहा, बिस्किट, वेफर, बाटली यांची भर पडली. भिवंडीच्या या पट्ट्यात साखरेचा आजार घरोघरी का ऐकू येतो, याचं काही अंशी तरी कारण इथे आहे.

आता पेयांकडे येते. त्यांवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते.

घन पदार्थ खाल्ला की पोट भरल्याची जाणीव होते आणि पुढच्या जेवणाला आपण आपोआप थोडं कमी खातो. प्यायलेल्या कॅलरींबाबत तसं होत नाही. २००० साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा एक सुटसुटीत प्रयोग प्रसिद्ध केला. पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरी जेलीच्या गोळ्यांतून दिल्या, आणि चार आठवडे तेवढ्याच कॅलरी गोड सोड्यातून. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांनी बाकीचं खाणं नकळत तेवढं कमी केलं. सोडा प्यायले तेव्हा काहीच कमी केलं नाही, उलट वजन वाढलं. साखर तीच, कॅलरी त्याच. फरक होता तो चावण्याचा आणि पिण्याचा.

बहुतेक कोलांमध्ये शंभर मिलीला दहा ते अकरा ग्रॅम साखर असते. सहाशे मिलीची बाटली घेतली तर साठ ग्रॅमच्या वर, म्हणजे बारा चमचे, म्हणजे अडीचशे कॅलरी. साठ किलोच्या माणसाला त्या जाळायला चांगलं तासभर झपझप चालावं लागतं. तुम्ही घरी पाहुण्याला पेलाभर सरबतात बारा चमचे साखर घालून दिलीत तर तो पहिल्या घोटाला पेला खाली ठेवेल. बाटलीत ती जाणवत नाही, कारण पेय बर्फासारखं गार असतं आणि त्यात आम्ल असतं. गारव्याने आणि आंबटपणाने गोडी दबते. उन्हाळ्यात हळदीच्या मांडवात बर्फाच्या टबात बाटल्यांचे क्रेट उपडे होतात, आणि लहान मुलं एका संध्याकाळी तीन-तीन पितात. त्या मुलांचं वजन वीस किलो असतं, हे तिथे कोणाच्या मनातही येत नाही.

रात्रपाळीची मुलं एनर्जी ड्रिंक घेतात. त्यांच्याशी मला थेट बोलायचं आहे. त्या बाटलीत दोन गोष्टी असतात, साखर आणि कॅफिन. कॅफिन ऊर्जा देत नाही, ते झोपेची जाणीव पुढे ढकलतं. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकतं, आणि लहान मुलं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका यांच्यासाठी ते योग्य नाही, असं बाटलीवर छापावं लागतं. ही ओळ किती जणांनी वाचली आहे? शाळेतून घरी जाणारी मुलं वीस रुपयांना ती बाटली घेताना मी पाहते आणि दुकानदार ती देतोही. रात्री दोन वाजता डुलकी येत असेल तर शरीर झोप मागत असतं. जागायचंच असेल तर साधा, कमी साखरेचा चहा त्याच कामाचा आहे.

तिसरी गोष्ट ओआरएसची. मे महिन्यात पत्र्याखाली काम करताना घामाने कपडे पिळून निघतात, चक्कर येते, मग कोणीतरी औषधाच्या दुकानातून ‘ओआरएस’ लिहिलेला खोका आणतं आणि स्ट्रॉने पितं. जागतिक आरोग्य संघटनेच्या खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि मिठाचं प्रमाण ठरलेलं असतं. त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही फळांच्या चवीच्या पेयांत लिटरला शंभर ग्रॅमच्याही वर साखर होती. जुलाब होणाऱ्या मुलाला असं पेय पाजलं तर जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यासाठी वर्षानुवर्षं एकटीने लढा दिला. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने आदेश काढला, की ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयाच्या नावात कुठेही ओआरएस हा शब्द वापरता येणार नाही. एका डॉक्टरबाईने पाकिटाची पाठ वाचली आणि ती गप्प बसली नाही, म्हणून हे झालं. तुम्ही औषधाच्या दुकानात पुडीतली पावडर मागा, आणि तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का ते बघा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. हे प्रत्येक गोदामाच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगं आहे.

उसाचा रस, फळांचा रस हे चांगलंच की, असं तुम्ही म्हणाल. रसवंतीवरच्या मोठ्या ग्लासात तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. ऊस चावून खाल्ला तर तेवढी साखर पोटात जायला अर्धा तास लागतो आणि दात थकतात. कधीतरी प्यावा, जरूर प्यावा, पण तहान भागवायला रोज नको. खोक्यातल्या फळांच्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असं छापण्याला प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये मनाई केली, कारण आटवलेल्या रसात पाणी घालून तो बनवलेला असतो. तहानेला आपल्याकडे ताक आहे. पातळ, मीठ-जिरं घातलेलं ग्लासभर ताक तीस-चाळीस कॅलरींचं. शहाळं पन्नास-साठचं. आणि या दिवसांत डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाईकडचे ताडगोळे घ्या, त्यांत बहुतेक पाणीच असतं.

आता मी टेबलावर एक फरसाणाचं पाकीट ठेवते, दोनशे ग्रॅमचं. कंपनीचं नाव झाकलं आहे, कारण बाजारातल्या बहुतेक फरसाणांचे आकडे असेच असतात, एकालाच बोल लावणं बरं नाही. समोर वाटाणे, शेव, कढीपत्ता यांचं छान चित्र आहे. ते सोडा, पाकीट उलटं करा. ऊर्जा ५५८. लगेच खाली लिहिलंय, दर शंभर ग्रॅमला. बहुतेक जण इथेच फसतात, ५५८ म्हणजे अख्ख्या पाकिटाच्या असं समजतात. पाकीट दोनशे ग्रॅमचं आहे, म्हणजे १,११६. शेजारच्या रकान्यात लिहिलंय, एका वेळची वाढणी तीस ग्रॅम. तीस ग्रॅम म्हणजे किती? मी घरून तोलून आणलं आहे, ही वाटी बघा. मागच्यांना दिसत नसेल, तिचा तळ जेमतेम झाकला आहे. एवढ्याच्या १६७ कॅलरी. कंपनीच्या हिशेबाने या पाकिटात साडेसहा वाढण्या आहेत. आपण चौघं क्रिकेटचा सामना बघायला बसलो तर आपल्या हिशेबाने ते पाकीट किती वाढण्यांचं आहे, ते तुम्हीच ठरवा.

खालची ओळ. स्निग्ध पदार्थ ३८ ग्रॅम, दर शंभराला. पाकीटभर ७६. लेबलाचे नियम ज्या २,००० कॅलरींच्या दिवसावर बसवले आहेत, त्या दिवसाचा सगळ्या तेला-तुपाचा वाटा ६७ ग्रॅम धरला आहे. फोडणी, भाजी, भाकरीवरचं तूप, सगळं मिळून. एका पाकिटाने तो ओलांडला. सोडियम ८०० मिलिग्रॅम, पाकीटभर १,६००, दिवसाची मर्यादा २,०००. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही ओळ आधी वाचायची.

मग घटकांची यादी. त्यात जो पदार्थ सर्वांत जास्त तो सर्वांत आधी लिहावा लागतो, हा कायदा आहे. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा पहिला आणि साखर किंवा पामतेल दुसरं दिसलं, तर समोर गव्हाच्या लोंब्यांचं चित्र काढलं असलं तरी तो पुडा मैद्याचा आणि साखरेचाच. साखर नाव बदलूनही येते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, मध, गूळ. हल्ली हमरस्त्यावर ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या दिसतात आणि मधुमेही माणसं गाडी थांबवून तो पितात. गुळाच्या ग्रॅमलाही साखरेएवढ्याच जवळपास चार कॅलरी असतात, आणि रक्तातली साखर तोही तसाच वाढवतो. मला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. गुळाविषयी आपल्या मनात माया आहे, पण स्वादुपिंडाला ती कळत नाही.

घरचं म्हणजे चांगलं, हेही तपासून बघा. घरच्या चकलीत तेल ताजं असतं, स्वच्छता असते, हे खरं आणि मोठं आहे. पण तेलाच्या एका मोठ्या चमच्याला १२० कॅलरी असतात. त्या घरच्या कढईत तेवढ्याच आणि दुकानातल्या कढईतही तेवढ्याच. उपवासाचं तर विचारूच नका. एकादशी आणि दुप्पट खाशी, असं आपल्याच पूर्वजांनी म्हणून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, वर दाण्याचं कूट आणि तूप. बसल्या कामाच्या बाईने ताटलीभर खिचडी आणि वर बटाट्याचे वेफर खाल्ले, तर त्या दिवशी तिचं खाणं रोजच्यापेक्षा जास्तच होतं.

कोणी म्हणेल, आमच्या घरात सगळे बारीक आहेत, आम्हाला काय त्याचं? त्यांच्यासाठी पुण्याची गोष्ट. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हाडाने, मांसाने लहान, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. वरून बारीक, आतून चरबीची. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, वजन-उंचीचा निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. निर्देशांक दोघांना एकच आकडा सांगत होता. म्हणून मी सांगते, काटा ठीक दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नका, कमरेला पट्टी लावा. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यक संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणात दिसलं, आणि आणखी १३ कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर आहेत. त्यात बारीक दिसणारे पुष्कळ असतात.

एक आक्षेप मी स्वतःच घेते. कंत्राटी कामगाराला दहा मिनिटांची सुट्टी मिळते. बसायला जागा नाही, डबा गरम करायची सोय नाही, खोलीवर चूल पेटवणारं कोणी नाही. तो बिस्किटाचा पुडा आणि थंडा घेतो, कारण त्याला नाक्यावर तेच मिळतं आणि तेच परवडतं. त्याला ज्ञान पाजणं हा अन्याय आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे उपाहारगृहाची तरतूद आहे, आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत. या सभेत गाळ्यांचे मालक बसले आहेत, काही जण ग्रामपंचायतीत आहेत. भाडेकरू कंपनीशी करार करताना ही गोष्ट तोंडाने विचारायला काय हरकत आहे? आणि जिथे शंभर कामगार नसतील तिथे नाक्यावरच्या ठेल्यावर उकडलेली अंडी, भाजलेले चणे, केळी, ताक ठेवणाऱ्याला जागा द्या. हमालाला कॅलरी हव्यातच, साडेतीन हजार हव्यात. पण त्यांच्याबरोबर प्रथिनं आली पाहिजेत. उकडलेल्या अंड्यात सत्तर-पंचाहत्तर कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं असतात, थंड्यात प्रथिनं शून्य.

सरकार काय करतं? २२ सप्टेंबर २०२५ पासून गोड थंड पेयांवर ४० टक्के कर आहे. त्याच दिवशी बिस्किटांवरचा १८ वरून आणि फरसाणावरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. माझ्या मते हे अर्धंच काम झालं. बाटलीतली साखर महागच राहिली आणि पुड्यातली स्वस्त झाली. चिलीसारख्या देशाने २०१६ पासून जास्त साखरेच्या, मिठाच्या, चरबीच्या पाकिटांवर समोरच काळे अष्टकोनी शिक्के मारायला लावले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये पाकिटाच्या दर्शनी बाजूच्या इशाऱ्यांबाबत तज्ज्ञ समितीकडून तीन महिन्यांत शिफारशी मागवल्या. असा शिक्का समोर आला, तर चष्मा नसलेल्या आजीलाही तो दिसेल. तो मिळेपर्यंत पाठच वाचायची.

आणि एक काम या गावात उद्यापासून होऊ शकतं. २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त चरबीचे, मिठाचे, साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत. पन्नास मीटर पावलांनी मोजता येतात. शाळा व्यवस्थापन समितीने ते मोजावेत, आणि त्या आत जे दुकान येतं त्याच्या मालकाशी आधी गावकीच्या नात्याने बोलावं, तक्रार नंतर. तो आपलाच माणूस आहे, त्याला दुसरा माल सुचवा. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) आपल्या शाळांना साखरेचा फलक लावायला सांगितलं. जिल्हा परिषदेच्या शाळेलाही असा फलक लावायला मनाई नाही. फलकावर दोनच रकाने हवेत: पदार्थाचं नाव, आणि त्यात चमचे किती. पाकिटावरची दर शंभर ग्रॅममागची एकूण साखर, गुणिले पाकिटाचं वजन, भागिले शंभर, मग भागिले पाच. पाचवीच्या मुलाला जमेल असं गणित आहे. पाकिटाचं वजन आणि साखरेचं प्रमाण कंपन्या बदलत राहतात, त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुलांनाच नाक्यावर पाठवून आकडे नव्याने आणायला सांगा. ज्यांच्या वडिलांचा, काकांचा हात रोज त्या खोक्यांना लागतो, त्यांना रिकामी पाकिटं मिळायला वळमध्ये अडचण येणार नाही.